विश्लेषण : अणुभट्टीच्या नळ्यांमधला ‘आवाज’ का मोजतात? नंदुरबारच्या शेजारच्या काक्रापारशी त्याचा संबंध काय?

नवापूर रेल्वे स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही गुजरातेत येतो, हे नंदुरबार जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच नवापूरहून सरळ रेषेत साधारण ४५ किलोमीटरवर, तापी जिल्ह्यात व्याराजवळ काक्रापार अणुऊर्जा केंद्र आहे. देशी बनावटीच्या ७०० मेगावॉट क्षमतेच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या याच केंद्रात उभ्या राहिल्या. जुलै २०२५ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळाने या दोन्ही भट्ट्यांना पाच वर्षांचा परिचालन परवाना दिला. याच नमुन्याच्या आणखी दहा भट्ट्या देशभरात उभारण्याचा निर्णय केंद्राने २०१७ मध्येच घेतला आहे. त्यामुळे काक्रापारमध्ये जे तपासले जाते, त्याचा परिणाम पुढच्या सगळ्या भट्ट्यांवर होतो.

अणुभट्टी म्हटले की चर्चा किरणोत्सर्गाची होते. भट्टी थंड ठेवणाऱ्या नळ्यांमधून जाणाऱ्या दाबलहरींबद्दल, म्हणजे पाण्यातून धावणाऱ्या आवाजाबद्दल, फारसे बोलले जात नाही. या आवाजाने कॅनडात अणुइंधनाच्या जुडग्यांना तडे गेले आहेत आणि अमेरिकेत पोलादी सुटे भाग फुटले आहेत. हा आवाज आधी कागदावर कसा काढतात, ती आकडेमोड कुठे कमी पडते आणि सीमेवरच्या नागरिकांनी त्यातून काय समजून घ्यावे, याचा हा आढावा.

पाण्याच्या नळीत आवाज कसा तयार होतो?

विहिरीवरच्या मोटारीची वीज अचानक गेली की पाइपलाइनमध्ये ‘धाड’ असा आवाज होतो आणि पाइप हादरतो, हा अनुभव शेतकऱ्यांना नवा नाही. पुढे जाणारे पाणी थबकते, मागे फिरते आणि एनआरव्ही आपटून बंद होतो. त्या क्षणी पाण्यात दाबाची लाट उठते. ही लाट पाण्याच्या प्रवाहाच्या वेगाने जात नाही, पाण्यातल्या आवाजाच्या वेगाने धावते. नळीच्या टोकाला आदळून ती परत येते आणि पुन्हा जाते. पाण्यातला आवाज म्हणजे हीच दाबाची ये-जा.

अणुभट्टीत हे फक्त पंप बंद पडल्यावर होत नाही. पंप सुरळीत चालू असतानाही पाण्याला सतत बारीक धक्के बसत असतात. पंपाच्या फिरत्या चकतीला पाती असतात. प्रत्येक पाते पंपाच्या तोंडासमोरून जाताना पाण्याला एक हलका टोला देते. ढोलावर टिपरी पडावी तसे हे टोले ठरावीक तालात पडतात. त्यांची संख्या काढायला मोठे गणित लागत नाही. पंप सेकंदाला किती फेऱ्या घेतो, त्या संख्येला पात्यांच्या संख्येने गुणायचे.

भारतात वीज ५० हर्ट्झची आहे. चार ध्रुवांची मोटर मिनिटाला जवळपास १५०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला २५. समजण्यासाठी पंपाला पाच पाती आहेत असे धरू. २५ गुणिले ५, म्हणजे सेकंदाला १२५ टोले. याला १२५ हर्ट्झची वारंवारता म्हणतात.

मग धोका कधी निर्माण होतो?

नुसत्या टोल्यांनी काही बिघडत नाही. अडचण येते ती नळीचा स्वतःचा सूर आणि पंपाचा ताल जुळला की. नवापूर भागात डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात पावरी वाजते. वाजवणारा एकच फुंकर मारतो, पण आतल्या हवेच्या स्तंभाची लांबी बदलली की सूर बदलतो. प्रत्येक पोकळ नळीला असा आपला सूर असतो. बाहेरचा ताल त्या सुराशी जुळला की थोड्या ताकदीतही आवाज मोठा होतो. शाळेच्या पुस्तकात याला ‘अनुनाद’ म्हणतात.

पाण्याने भरलेल्या नळीतही असेच घडते. नळीची दोन्ही टोके मोठ्या पात्रांना जोडलेली असतील, तर तिची लांबी लाटेच्या तरंगलांबीच्या निम्मी भरली की अनुनाद होतो. एक टोक बंद असेल, तर पाव तरंगलांबी पुरते. तरंगलांबी काढण्याचा नियमही सोपा आहे. आवाजाच्या वेगाला वारंवारतेने भागायचे.

इथे अणुभट्टीचे एक वैशिष्ट्य आड येते. काक्रापारच्या भट्ट्यांमध्ये शीतक म्हणून जड पाणी वापरतात. साध्या तापमानाला जड पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १४०० मीटर धावतो. भट्टी चालू असताना हे पाणी अडीचशे ते तीनशे अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात असते आणि प्रचंड दाबाखाली ठेवल्यामुळेच द्रवरूप राहते. तिथे आवाजाचा वेग साधारण ९५० मीटरच्या आसपास उतरतो.

याचा परिणाम आकड्यांत पाहू. १२५ हर्ट्झच्या तालाला थंड पाण्यात ५.६ मीटर लांबीची नळी धोक्याची ठरते. गरम पाण्यात तोच ताल ३.८ मीटरच्या नळीत घुमतो. म्हणजे थंड अवस्थेत चाचणी करून सगळे ठीक आढळले, तरी भट्टी तापल्यावर दुसरीच एखादी नळी घुमू शकते. म्हणून ही आकडेमोड एकाच तापमानाला करून चालत नाही. थंड अवस्थेपासून पूर्ण क्षमतेपर्यंत टप्प्याटप्प्याने करावी लागते.

एवढ्याशा कंपनाने पोलाद कसे तुटते?

तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. धातूचा हा ‘थकवा’ म्हणजेच अभियंत्यांच्या भाषेतला फटीग. प्रत्येक वेळी पडणारा ताण अगदी कमी असेना का, वेळा किती आहेत हे महत्त्वाचे ठरते.

सेकंदाला १२५ कंपने म्हणजे एका दिवसात १ कोटी ८ लाख. एवढे हादरे नळीचा एखादा सांधा चोवीस तासांत सोसतो. त्यामुळे कंपनाचा ताण धातूच्या सहनशक्तीच्या वर असेल, तर बिघाड काही दिवसांत वा महिन्यांत दिसतो. ताण तिच्या बराच खाली असेल, तर तीच नळी चाळीस वर्षेही टिकते. आकडेमोडीचा सगळा हेतू हा ताण त्या रेषेच्या कोणत्या बाजूला पडतो हे आधी ठरवणे, हा असतो.

कॅनडात नेमके काय घडले होते?

या विषयातले सर्वात बोलके उदाहरण कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातील डार्लिंग्टन केंद्राचे आहे. भारतासाठी ते जवळचे आहे. भारतातल्या जड पाण्याच्या दाबभट्ट्या मूळ कॅनडाच्या ‘कँडू’ घराण्यातूनच विकसित झाल्या. राजस्थानातल्या रावतभाट्याची पहिली भट्टी कॅनडाच्या सहकार्याने उभी राहिली. १९७४ नंतर ते सहकार्य थांबले आणि पुढची वाटचाल भारतीय अभियंत्यांनी स्वतः केली.

डार्लिंग्टनची दुसऱ्या क्रमांकाची भट्टी १९९० मध्ये सुरू झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस इंधन बदलताना काही इंधन जुडगी तुटलेली आढळली. जुडग्यांच्या टोकांना असलेल्या पट्ट्यांना थकव्याचे तडे गेले होते. इंधनाचा दर्जा, बसवण्याची पद्धत असे अनेक संशय घेतले गेले. शोध अखेर पंपापाशी येऊन थांबला.

तिथली वीज ६० हर्ट्झची असल्याने मुख्य पंप मिनिटाला सुमारे १८०० फेरे घेत होते, सेकंदाला ३०. चकतीला पाती पाच. ३० गुणिले ५, म्हणजे १५० हर्ट्झ. नळ्यांच्या जाळ्यातल्या काही भागांचा सूर याच वारंवारतेच्या जवळ होता. पंपाचा टोला वाटेत वाढत जाऊन इंधन वाहिन्यांपर्यंत पोहोचत होता आणि आतली जुडगी सेकंदाला दीडशे वेळा हलत होती.

यावरचा उपाय एका ओळीत सांगता येतो. पाच पात्यांच्या चकत्या काढून सात पात्यांच्या बसवल्या. ताल १५० वरून २१० हर्ट्झवर गेला, नळ्यांचा सूर मागे राहिला आणि जुडगी तुटणे थांबले. नळ्या बदलाव्या लागल्या नाहीत, इंधनाची रचनाही बदलावी लागली नाही. मात्र कारण सापडेपर्यंत कोट्यवधी डॉलरची भट्टी बंद ठेवावी लागली होती. पात्यांचा गुणाकार शाळकरी मुलालाही जमेल असा आहे. तो नळ्यांच्या सुराशी ताडून पाहायला उशीर झाला, त्याची ही किंमत होती.

अमेरिकेत बिघाड पंपाने झाला की वाफेने?

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातील क्वाड सिटीज केंद्रात आवाजाचे मूळ वेगळे होते. तिथल्या भट्ट्या उकळत्या पाण्याच्या प्रकारातल्या आहेत. महाराष्ट्रात तारापूरच्या १९६९ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या दोन भट्ट्याही त्याच प्रकारच्या. या प्रकारात भट्टीतच वाफ तयार होते आणि तिच्यातले पाण्याचे थेंब वेगळे करण्यासाठी वरच्या बाजूला ‘स्टीम ड्रायर’ हा पोलादी भाग असतो.

२००२ मध्ये क्वाड सिटीजची क्षमता जवळपास १८ टक्क्यांनी वाढवण्यात आली. वाफ जास्त, म्हणून नळ्यांमधला तिचा वेगही जास्त. काही महिन्यांतच ड्रायरचा पत्रा फुटला. दुरुस्ती करून भट्टी चालू केली, तर २००३ मध्ये पुन्हा तडे गेले. तपासात कळले ते असे. मुख्य वाफनळीवर सुरक्षा झडपांसाठी आखूड उभ्या नळ्या जोडलेल्या होत्या. रिकाम्या बाटलीच्या तोंडावरून फुंकर घातली की ती ‘घूं’ करते. वाढलेल्या वेगाची वाफ या आखूड नळ्यांच्या तोंडावरून जाताना तेच होत होते. जुन्या वेगाला त्या गप्प होत्या, नव्या वेगाला घुमू लागल्या. तो आवाज वाफनळीतून उलटा भट्टीपर्यंत जात होता आणि ड्रायर हलवत होता.

पुढे २००५-०६ मध्ये ड्रायर अधिक मजबूत बनवून बदलले गेले आणि झडपांच्या नळ्यांना आवाज शोषणाऱ्या बाजूच्या शाखा जोडण्यात आल्या. या प्रकरणानंतर अमेरिकेच्या नियामकाने क्षमता वाढवू पाहणाऱ्या केंद्रांकडून ड्रायरवरच्या ध्वनिदाबाचा स्वतंत्र हिशेब मागायला सुरुवात केली. तीस वर्षे व्यवस्थित चाललेल्या यंत्रात एकच गोष्ट बदलली होती, ती म्हणजे वाफेचा वेग. जुन्या अनुभवाचा दाखला नव्या वेगाला लागू पडला नाही.

आकडेमोड प्रत्यक्षात कशी करतात?

पहिल्या टप्प्यात नळ्यांच्या जाळ्याचा नकाशा संगणकात उभा केला जातो. प्रत्येक तुकड्याची लांबी, व्यास, तापमान, दाब, वळणे, झडपा आणि पात्रे त्यात येतात. लाट एका तुकड्याच्या एका टोकाला शिरली तर दुसऱ्या टोकाला कशी निघेल, याची समीकरणे मांडून सगळे तुकडे साखळीसारखे जोडले जातात. यातून कोणत्या वारंवारतांना जाळे घुमेल हे कळते.

दुसऱ्या टप्प्यात नळीचे धातूचे अंगही हिशेबात घेतात. पाणी नळीला हलवते आणि हललेली नळी पाण्यात नवी लाट उठवते. हा दुतर्फा परिणाम सोडवण्यासाठी मोठ्या संगणक प्रणाली लागतात. तिसऱ्या टप्प्यात मिळालेल्या दाबावरून सांध्यांवरचा ताण काढून तो धातूच्या थकव्याच्या मर्यादेशी ताडला जातो.

कोणत्या वारंवारतेला घुमेल, हे या पद्धतीने बरेच अचूक सांगता येते. किती जोराने घुमेल, हे सांगणे मात्र कठीण जाते. अनुनादाच्या वेळी लाट किती मोठी होईल हे तिची ऊर्जा किती वेगाने विरते यावर, म्हणजे अवमंदनावर ठरते. अवमंदन एक टक्का असेल, तर आवाज साधारण ५० पट वाढतो. तेच अर्धा टक्का निघाले, तर १०० पट. अवमंदनाचा नेमका आकडा नळीतल्या घर्षणावर, आधारांवर, सांध्यांच्या घट्टपणावर अवलंबून असतो आणि तो कागदावर आधी पक्का करता येत नाही. म्हणूनच आकडेमोड कितीही मोठ्या संगणकावर केलेली असो, प्रत्यक्ष चाचणीत दाबमापक आणि कंपनमापक बसवून ती पडताळावीच लागते.

आकडेमोडीवर विसंबल्याचे परिणाम कॅलिफोर्नियातल्या सॅन ओनोफ्रे केंद्राने भोगले. तिथे कारण ध्वनीचे नव्हते, नळ्यांमधून वाहणाऱ्या प्रवाहाच्या कंपनाचे होते, पण धडा तोच आहे. नव्याने बसवलेल्या वाफजनित्रांच्या रचनेत वापरलेल्या संगणक प्रणालीने आतल्या प्रवाहाचा वेग प्रत्यक्षापेक्षा बराच कमी दाखवला होता. बारीक नळ्या एकमेकींवर घासून झिजल्या आणि जानेवारी २०१२ मध्ये गळती झाली. जून २०१३ मध्ये केंद्र कायमचे बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला.

काक्रापारच्या २०१६ मधील गळतीमागे कंपन होते का?

नाही. हा मुद्दा स्पष्ट असणे गरजेचे आहे. ११ मार्च २०१६ रोजी सकाळी काक्रापारच्या २२० मेगावॉटच्या पहिल्या भट्टीत एका शीतक वाहिनीची दाबनळी फुटली आणि जड पाण्याची गळती झाली. भट्टी आपोआप बंद झाली आणि केंद्रापुरती आणीबाणी जाहीर करण्यात आली. योगायोगाने तो फुकुशिमा दुर्घटनेचा पाचवा स्मृतिदिन होता, त्यामुळे चिंता अधिक वाढली. केंद्राबाहेरील किरणोत्सर्ग मर्यादेत असल्याचे नियामक मंडळाने सांगितले. आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर ही घटना पहिल्या स्तराची ठरवण्यात आली.

त्याआधी जुलै २०१५ पासून दुसरी भट्टीही शीतक वाहिनीतील गळतीमुळे बंदच होती. तपासात दाबनळ्यांच्या बाहेरच्या पृष्ठभागावर गंजाचे ठिपके आढळले. नळीभोवतीच्या पोकळीत फिरवल्या जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइड वायूतील अशुद्धीकडे तपासाचा रोख गेला. पुढे दोन्ही भट्ट्यांच्या शीतक वाहिन्या सरसकट बदलण्यात आल्या आणि त्या अनुक्रमे २०१९ आणि २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाल्या.

म्हणजे दोष रसायनाचा होता, आवाजाचा नव्हता. तरी दोन्ही विषयांचे ठिकाण एकच आहे. २२० मेगावॉटच्या भट्टीत अशा ३०६ वाहिन्या असतात आणि प्रत्येकीत अर्ध्या मीटर लांबीची १२ इंधन जुडगी एकामागे एक बसवलेली असतात. दाबनळीची भिंत जेमतेम काही मिलिमीटरची असते. गंजाने किंवा घासून पातळ झालेल्या भिंतीला कंपनाचा ताण निरोगी भिंतीपेक्षा लवकर भारी पडतो. त्यामुळे नळीची तब्येत आणि नळीतला आवाज यांचा हिशेब वेगवेगळ्या वह्यांत ठेवून चालत नाही.

कंपनाने झालेली भारतातली गंभीर घटना शोधायची, तर उत्तर प्रदेशातल्या नरोराकडे पाहावे लागते. ३१ मार्च १९९३ रोजी तिथल्या टर्बाइनची दोन पाती थकव्याने तुटली. असंतुलनामुळे यंत्र जोराने हादरले, हायड्रोजन बाहेर पडला आणि मोठी आग लागली. केंद्राचा वीजपुरवठा कित्येक तास खंडित होता, तरीही भट्टी सुरक्षित बंद ठेवता आली. तो बिघाड शीतक नळ्यांमधला नव्हता, पण सूर जुळल्यावर धातूचे काय होते हे भारतीय अणुक्षेत्राने तिथे जवळून पाहिले.

७०० मेगावॉटच्या भट्टीत नवे काय आहे?

तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीची क्षमता प्रत्येकी ५४० मेगावॉट आहे. काक्रापारची ७०० मेगावॉटची रचना त्यातूनच पुढे आली. दोन्हींत वाहिन्या ३९२ आहेत. तेवढ्याच वाहिन्यांमधून जास्त ऊर्जा काढण्यासाठी एक महत्त्वाचा बदल करण्यात आला. वाहिनीच्या बाहेर पडण्याच्या टोकाशी शीतकाला थोड्या प्रमाणात उकळू दिले जाते.

ध्वनीच्या दृष्टीने हा बदल लहान नाही. पाण्यात बुडबुडे आले की आवाजाचा वेग झपाट्याने घसरतो. साध्या हवेच्या दाबाला पाण्यात आकारमानाने फक्त एक टक्का हवेचे बुडबुडे असले, तरी वेग दीड हजार मीटरवरून शंभर-सव्वाशे मीटरवर येतो. भट्टीत दाब खूप जास्त असल्याने घसरण इतकी मोठी होत नाही, पण दिशा तीच राहते. वेग बदलला की तरंगलांबी बदलते आणि तरंगलांबी बदलली की घुमणारी नळीही बदलते. भट्टी ५० टक्क्यांवर चालते तेव्हा बुडबुडे कमी, पूर्ण क्षमतेवर जास्त. त्यामुळे एकाच जाळ्याचे सूर क्षमतेनुसार सरकत राहतात. दुसरीकडे बुडबुडे आवाजाची ऊर्जा शोषूनही घेतात, म्हणजे काही ठिकाणी ते उपकारकच ठरतात. यातला कोणता परिणाम कुठे वरचढ होतो, हे प्रत्येक नळीसाठी वेगळे तपासावे लागते.

प्रत्येक वाहिनीला पाणी आणणारी एक आणि नेणारी एक अशा दोन ‘फीडर’ नळ्या असतात. ३९२ वाहिन्यांच्या मिळून ७८४. वाहिनी कुठे आहे त्यानुसार त्यांच्या लांब्या आणि वळणे वेगवेगळी. एवढ्या मोठ्या जाळ्यात एखाद्या नळीचा सूर पंपाच्या तालाजवळ येणारच नाही असे गृहीत धरता येत नाही. ती कोणती हे शोधून तिचा आधार बदलणे किंवा तिच्यावर लक्ष ठेवणे, हे रचनाकाराचे काम असते.

काक्रापारची तिसरी भट्टी जुलै २०२० मध्ये पहिल्यांदा प्रज्वलित झाली, जानेवारी २०२१ मध्ये ग्रिडला जोडली गेली आणि तिचे व्यावसायिक उत्पादन जून २०२३ अखेर सुरू झाले. चौथी भट्टी डिसेंबर २०२३ मध्ये प्रज्वलित होऊन मार्च २०२४ अखेर व्यावसायिक उत्पादनात आली. पहिल्या भट्टीला अडीच-तीन वर्षे लागली, दुसरीला साडेतीन महिने. नव्या रचनेत शिकण्याचा वेळ पहिल्या यंत्रावर खर्च होतो आणि त्याचा फायदा पुढच्यांना मिळतो, हे यातून दिसते.

नंदुरबारला प्रत्यक्ष धोका आहे का?

अणुकेंद्राभोवती आपत्कालीन नियोजनाचे क्षेत्र पारंपरिकपणे १६ किलोमीटर त्रिज्येचे धरले जाते. नवापूर त्याच्या बरेच बाहेर आहे आणि नंदुरबार शहर तर सरळ रेषेत सुमारे ९० किलोमीटरवर.

पाण्याबद्दलही एक गैरसमज दूर करायला हवा. तापी नदी सारंगखेडा, प्रकाशा असा प्रवास करत नंदुरबार जिल्ह्यातून गुजरातेत उकाई धरणात जाते आणि तिथून पुढे काक्रापारला पोहोचते. म्हणजे नंदुरबार जिल्हा केंद्राच्या वरच्या अंगाला आहे. केंद्राजवळचे पाणी नदीतून उलटे वर येत नाही.

इंधन जुडगे किंवा फीडर नळीला तडा गेला, तर त्याचा पहिला परिणाम भट्टी बंद पडण्यात आणि केंद्राच्या आतल्या कर्मचाऱ्यांच्या किरणोत्सर्गाच्या मात्रेत दिसतो. जड पाण्याच्या भट्टीत गळती ओळखणाऱ्या यंत्रणा, आपत्कालीन शीतकरण आणि काँक्रीटचे आवरण असे एकामागे एक अडथळे असतात. कंपनाच्या बिघाडाची किंमत बहुतेक वेळा बंद पडलेल्या महिन्यांत आणि पैशांत मोजली गेली आहे, हे डार्लिंग्टन आणि क्वाड सिटीजमध्येही दिसले. काक्रापारच्या विजेतला वाटा महाराष्ट्रालाही मिळतो, त्यामुळे ही किंमत सीमेपलीकडची म्हणून सोडून देता येत नाही.

पुढे कशाकडे लक्ष ठेवायला हवे?

२०४७ पर्यंत अणुऊर्जेची क्षमता १०० गिगावॉटपर्यंत नेण्याचे लक्ष्य फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ‘शांती’ कायद्याने या क्षेत्राची दारे खासगी कंपन्यांना उघडली आणि नियामक मंडळाला वैधानिक दर्जा दिला. आतापर्यंत रचना, उभारणी आणि परिचालन यांची सूत्रे एकाच सरकारी महामंडळाच्या हाती होती. यापुढे पंप एका कंपनीचा, नळ्यांची मांडणी दुसरीची आणि भट्टी चालवणारी तिसरीच, असे चित्र वाढेल. अनुनादाचा बिघाड नेमका अशा जोडांवर जन्म घेतो. डार्लिंग्टनचा पंप पंप म्हणून उत्तम होता आणि नळ्याही नळ्या म्हणून निर्दोष होत्या. दोष होता तो दोघांच्या जुळणीत.

म्हणून तीन प्रश्न महत्त्वाचे ठरतात. पहिला, पूर्ण तापमानाला आणि प्रत्येक क्षमतेच्या टप्प्यावर नळ्यांमधला दाब प्रत्यक्ष मोजला का? दुसरा, मोजलेले आकडे आधीच्या आकडेमोडीशी जुळले का, आणि जुळले नसतील तर काय बदलले? तिसरा, पंपाची चकती, झडप किंवा क्षमता यांपैकी काहीही पुढे बदलले, तर हा सगळा हिशेब नव्याने कोण करणार?

काक्रापारच्या पाच वर्षांच्या परवान्याची मुदत २०३० मध्ये संपेल आणि नूतनीकरणाआधी सुरक्षेचा आढावा घेतला जाईल. नियामक मंडळ घटनांची माहिती प्रसिद्ध करते. कंपनांच्या चाचणीचे निष्कर्षही सामान्य माणसाला कळतील अशा भाषेत त्या आढाव्यासोबत मांडले गेले, तर नवापूर-विसरवाडीच्या वाचकाला अफवेवर विसंबावे लागणार नाही. पुढच्या दहा भट्ट्यांशेजारी राहणाऱ्या गावांनाही त्याचा उपयोग होईल.